आईचा ट्रक घाटात अडकला तेव्हा

आमची आई ट्रक चालवायची. असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग मी पुढं काही सांगेन म्हणून वाट बघतात. पुढं एवढंच, की तो ट्रक कॉम्प्युटरच्या पडद्यावर होता, तो घाटातून लाकडं वाहायचा, आणि तो चालवायचा म्हणजे दोन्ही हातांत एक काळा, बिनवायरीचा कंट्रोलर धरावा लागायचा. अमोलदादा त्याला कंट्रोलर म्हणायचा, आप्पा रिमोट म्हणायचे आणि आई हँडल म्हणायची. शेवटी घरात हँडल हेच नाव टिकलं, कारण आईनं ठेवलेली नावंच आमच्या घरात टिकतात. अजूनही ऑफिसात कुणाच्या टेबलावर तसला कंट्रोलर दिसला की मी मनात हँडलच म्हणते.

भवानीनगरला साखर कारखान्याच्या कॉलनीत आमची दोन खोल्यांची क्वार्टर होती. आप्पा कारखान्यात फिटर. गाळप चालू असलं की घरात दोन गोष्टी कायम असायच्या, मळीचा आंबूस वास आणि दोरीवरच्या कपड्यांवर पडणारी काजळी. आई सकाळी कपडे वाळत घालायची, दुपारी झटकून परत घालायची, आणि झटकताना कारखान्याला शिव्या घालायची. मग त्याच कारखान्याच्या साखरेचा चहा करून प्यायची. हंगाम संपला की धुराडं थंड व्हायचं, उसाचे ट्रॅक्टर यायचे बंद व्हायचे आणि कॉलनी इतकी शांत व्हायची, की शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी आपलीच समजून मी गॅस बंद करायला उठायची. या दिवसांत कारखान्यात ओव्हरहॉलिंग चालायचं. बंद असो की चालू, बरं असो की वाईट, प्रत्येक यंत्र उघडायचं, पुसायचं, तेल द्यायचं आणि परत बसवायचं. आप्पांना हंगामापेक्षा हेच काम आवडायचं. त्यांच्या मते बिघडलेली वस्तू असं काही नसतंच, ती फक्त कुणी नीट उघडून बघितलेली नसते.

या कामाची एक रीत होती. ज्यानं यंत्र उघडलं त्यानं त्यावर पाटी लावायची, ‘काम चालू आहे’, आणि खाली स्वतःचं नाव लिहायचं. ती पाटी त्याच माणसानं काढायची, दुसऱ्या कुणी नाही, साहेबानंसुद्धा नाही. शिफ्ट संपली की आपण काय उघडलं, काय अर्धवट राहिलं, हे पुढच्या माणसाला तोंडानं सांगितल्याशिवाय जागा सोडायची नाही. आप्पा ही रीत घरी घेऊन यायचे. घरातला मिक्सर उघडला तरी त्यावर पुठ्ठ्याची पाटी लटकायची, खाली आप्पांचं पूर्ण नाव, आणि त्यांचं काम संपेपर्यंत आई मुकाट्यानं खलबत्त्यात चटणी कुटायची.

त्या वर्षी गाळप संपत आलं होतं तेव्हा आप्पा आणि आई मोटारसायकलवरून निमगाव केतकीच्या बाजाराला गेले होते. येताना एका गतिरोधकावर गाडी उडाली आणि आई पिशवीसकट रस्त्यावर आली. टोमॅटो फुटले आणि आईचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा हाड जुळलेलं होतं, पण बोटं मिटून बसली होती. मूठ उघडायची म्हटलं की आई ओठ आवळायची, कपाळावर घाम यायचा, आणि मग, ‘ऱ्हाऊ दे, उद्या बगू,’ असं म्हणून ती हात पदराखाली घ्यायची. आप्पा त्या हाताकडं बघायचे नाहीत. गाडी त्यांच्या हातात होती. त्यांना कुणी एका शब्दानं बोललं नाही, आईनं तर मुळीच नाही, पण ती मोटारसायकल त्यांनी बोळात नेऊन वर पोतं टाकलं आणि ते कारखान्यात चालत जायला लागले.

स्वयंपाक माझ्याकडं आला. बारावीची परीक्षा देऊन मी मोकळीच होते. माझ्या भाकरीला गोलाई म्हणून नव्हती, नुसते कोपरे होते. आई ओट्याशेजारी पाट टाकून बसायची आणि डाव्या हातानं हवेत थापून दाखवायची. ‘बोटं पसर गं वैशे. तळवा टेकव. मारू नगंस तिला, थाप.’ दादा ताटातली भाकरी फिरवून फिरवून बघायचा आणि ही कुठल्या बाजूनं फोडायची असं विचारायचा. वांग्याचं कालवण मला बरं जमायचं, शेंगदाण्याची चटणीही जमायची, पण भाकरी वाईट असली की सगळं ताटच वाईट होतं. मला आईची भाकरी हवी होती, आणि ती तिला करता येत नाही याचा मला तिच्यावरच राग यायचा. त्यात तिचा काय दोष होता? तेव्हा हे स्वतःशी कबूल करायचीही लाज वाटायची. आता बरीच वर्षं झाली, आता लिहून टाकते.

बारामतीला फिजिओथेरपीच्या एक मॅडम होत्या. त्यांनी आईला रबरी बॉल दिला, दिवसातून तीन वेळा दाबायचा आणि सोडायचा. ‘मावशी, हाड अगदी ठीक आहे. सांधा थोडा आखडलाय आणि तुम्ही घाबरलाय. घाबरणं जास्त आहे,’ असं त्या म्हणाल्या. आईनं चार दिवस बॉल दाबला आणि पाचव्या दिवशी शेजारणीच्या नातवाला देऊन टाकला. मी रागावले तर म्हणाली, ‘नुस्तं दाबा आन् सोडा. त्यात काय राम हाय?’

दादा तेव्हा बारामतीला मेकॅनिकलचा डिप्लोमा करत होता. त्यानं मित्राचा जुना कॉम्प्युटर आणला होता, प्रोजेक्टसाठी. त्याच्याबरोबर दोन हँडलंही आली होती. ती कुठल्या प्रोजेक्टसाठी, हे आप्पांनी विचारलं नाही. पेनड्राइव्हएवढा एक रिसीव्हर कॉम्प्युटरला मागं खोचला की दोन्ही हँडलं वायरीशिवाय चालायची. एका संध्याकाळी दादाचा ट्रक वळणावरून दरीत गेला आणि मेथी निवडत बसलेली आई म्हणाली, ‘आरं, लोड गाडी आशी वळवत्यात व्हय?’ आई निरवांगीची, वडिलांच्या उसाच्या ट्रॉलीवर बसून वाढलेली. दादानं हँडल तिच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाला, ‘मग तू घे.’

उजव्या हाताच्या पहिल्या बोटाखाली वेगाचं बटण होतं. दाबलं की ट्रक पळायचा, सोडलं की हळू व्हायचा, आणि घाटात प्रत्येक वळणाला सोडावंच लागायचं. आईचं बोट दाबलं जायचं पण सुटायचं नाही, म्हणून पहिल्या दिवशी तिचा ट्रक सात वेळा दरीत गेला. आठव्यांदा ती दादावरच ओरडली की तुझा घाटच चुकीचा आहे. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मेथी, कोथिंबीर काही नसताना ती आपणहून कॉम्प्युटरसमोर येऊन बसली. दहा-बारा दिवसांत ती पहिला घाट उतरली. बारामतीच्या मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्या खूप हसल्या, त्यांनी कागदावरचा बॉल खोडला आणि तिथं लिहिलं, ‘ट्रक, रोज एक तास.’

दुसरं हँडल आप्पांनी घेतलं. ते कामावरून यायचे, हातपाय धुवायचे, चहा व्हायचा, आणि मग दोघं खाली सतरंजीवर शेजारी शेजारी बसायचे. आप्पांचा ट्रक कायम आईच्या मागं असायचा. ‘व्हा की म्होरं तुमी,’ आई म्हणायची. ‘तू चल. मी हाय मागं,’ आप्पा म्हणायचे. वळण आलं की ते ओरडायचे, ‘सोड, सोड, सोड!’ आणि आई दातओठ खात बोट सोडायची. मोटारसायकलवरून पडल्यापासून दोघं एकमेकांशी कामापुरतंच बोलत होते, ते आता तासभर बोलायला लागले, मग ते बोलणं डिझेलचं आणि वळणाचं का असेना. मी आत पीठ मळत ते ऐकायची आणि मला बरं वाटायचं. एकूण बारा घाट होते, एक उतरल्याशिवाय पुढचा उघडायचा नाही. आई नवव्याच्या माथ्यावर पोचली तोवर तिची तीन बोटं जवळजवळ सरळ होत होती. परवा हे लिहायला घेतलं तेव्हा तिला फोन करून विचारलं, तर नवव्या घाटातलं एकेक वळण तिला पाठ होतं, माझ्या बारावीचे मार्क मात्र ती विसरली होती.

आता मी काय केलं ते. कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात रोज एक निरोप यायचा, सिस्टिमचा अपडेट तयार आहे, करायचा का? दादानं बजावून ठेवलं होतं, ‘त्याला हात लावायचा न्हाय. जुनी मशीन हाय, चाललंय तसं चालू द्या.’ पण मला असलं काही तुंबून राहिलेलं बघवत नाही. मोरीतली बादली अर्धी भरलेली असली तरी मी ती पूर्ण भरते. एका दुपारी घरात कुणी नव्हतं आणि मी ‘हो’ दाबलं. तासभर आकडे चढत राहिले, कॉम्प्युटर आपला आपण बंद झाला, परत लागला, आणि पडदा होता तसाच दिसला. मला वाटलं, झालं, एवढंच तर होतं. मी कुणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही घडलंय असं मला वाटलंच नाही.

संध्याकाळी आई नववा घाट उतरायला बसली. हँडलावरचा हिरवा दिवा रोज दोनदा लुकलुकून स्थिर व्हायचा, तो लुकलुकतच राहिला. आप्पांच्या हँडलाचंही तेच. पडद्यावर आईचा ट्रक घाटाच्या माथ्यावर घरघरत उभा, आणि ती बटण दाबतेय तर जागचा हलेना. दादानं सेल बदलले, रिसीव्हर काढून दुसरीकडं खोचला, कॉम्प्युटर दोनदा बंद करून लावला. त्याला कॉम्प्युटर गेम भरण्यापुरताच यायचा, त्याची विद्या तिथं संपली. मग त्यानं विचारलं, ‘कुणी काय केलं का ह्येला?’ मी लगेच म्हटलं, ‘न्हाय.’ विचार करायच्या आत तोंडातून गेलं, आणि एकदा गेल्यावर ते परत घ्यायची मला हिंमत झाली नाही.

आप्पांनी शांतपणे हात पुढं केला. ‘आन हिकडं. उघडल्याबगर काय कळायचं न्हाय.’ दुसऱ्या दिवशी त्यांनी ओसरीत वर्तमानपत्र पसरलं आणि दोन्ही हँडलं उघडली. स्क्रू निघतील त्या क्रमानं मांडले, प्रत्येकाखाली पेन्सिलीनं नंबर घातला, जुन्या टूथब्रशानं आणि स्पिरिटनं एकेक बटण धुतलं. एक बारीक स्प्रिंग उडाली ती शोधायला आम्ही चौघं अर्धा तास जमिनीवर रांगत होतो. कॉम्प्युटरच्या पडद्यावर पाटी लटकली, ‘काम चालू आहे’, खाली आप्पांचं नाव. तीन दिवस हे चाललं. हँडलं अशी चकचकीत झाली, की पूर्वी अडकणारं एक बटणही मऊ चालायला लागलं. दिवा मात्र लुकलुकतच होता. आप्पा म्हणाले, ‘कायतरी ऱ्हायलंय,’ आणि चौथ्या दिवशी त्यांनी हँडलं पुन्हा उघडली. मी त्यांना चहा नेऊन देत होते आणि ठणठणीत वस्तूचं ओव्हरहॉलिंग दोनदा होताना बघत होते. त्या चहाचा कप ठेवताना रोज वाटायचं, आता सांगावं, आणि रोज वाटायचं, आता उशीर झाला, आता सांगितलं तर कालपर्यंत गप्प का होतीस हेही सांगावं लागेल.

आईनं तक्रार केली नाही. ती संध्याकाळी पडद्याकडं पाठ करून भाजी निवडायची, तीही डाव्या हातानं. उजवा हात परत पदराखाली गेला होता. ‘बॉल आणू का दुसरा?’ मी विचारलं, तर म्हणाली, ‘नगं.’ सुटलेली तीन बोटं एकेक करून मिटायला लागली होती, आणि ते मला दिसत होतं.

सातव्या दिवशी आम्ही तिघं एसटीनं बारामतीला गेलो. मॅडमनी आईची बोटं एकेक करून धरली आणि या वेळी त्या हसल्या नाहीत. ‘मावशी, हात मागं गेलाय. अजून आठ दिवस बघू. नाही उघडला तर मोठ्या डॉक्टरांकडं पाठवीन, भूल देऊन सांधा मोकळा करावा लागेल.’ भूल हा शब्द ऐकून आईनं आप्पांकडं बघितलं आणि आप्पांनी खिडकीकडं. तिथून आम्ही, पिशवीत आणलेली हँडलं आणि रिसीव्हर घेऊन, एका कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. दुकानदारानं रिसीव्हर स्वतःच्या मशीनला लावला, आणि दोन्ही हँडलांचे दिवे लुकलुकून गप्प स्थिर झाले.

‘कंट्रोलर एक नंबर आहेत, काका,’ तो म्हणाला. ‘दोष घरच्या मशीनमध्ये आहे. अपडेट मारला होता का?’

‘न्हाय,’ आप्पा म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडं बघितलं. मीही नाही म्हणून मान हलवली.

‘मारला असता तर सोपं होतं. कधी कधी अपडेट होताना जुन्या रिसीव्हरचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारा प्रोग्रॅम, बदलतो. तो पहिला परत बसवायचा, कंट्रोलर नव्यानं जोडायचा, पाच मिनिटांत काम होतं. मारला नसेल तर मग काय आहे सांगता येत नाही. सगळं पुसून सिस्टिम नवी टाकावी लागेल. उद्या मशीन घेऊन या.’

‘समदं म्हंजी?’ आईनं विचारलं.

‘सगळं, मावशी. गेमपण पहिल्यापासून.’

परतीच्या एसटीत आई खिडकीशी बसली होती. भवानीनगर जवळ आलं तेव्हा ती म्हणाली, ‘नगा नेऊ मशीन. पुसल्यावर काय उपेग? आता पयल्यापास्नं न्हाय व्हायचं माझ्याच्यानं.’

‘अगं, पर हात...’ आप्पा म्हणाले.

‘हात हाय तसा हाय. डाव्यानं करीन.’

घरी आल्यावर आप्पांनी पाटीवरचं आपलं नाव खोडलं, कारण हँडलात दोष नव्हता. मग आता कुणाचं नाव लिहायचं म्हणून ते पेन हातात धरून उभे राहिले. दादा म्हणाला, ‘आप्पा, मशीनमधी गेम मीच भरलेत. माझ्याच हातनं कायतरी झालं असंल. मीच नेतो उद्या.’ आणि त्यानं पेन घेऊन स्वतःचं नाव लिहिलं. तो खरंच तसं समजत होता. दादानं आयुष्यात मला कधी फसवलं नाही, आणि माझ्या चुकीवर त्याचं नाव टांगलेलं मी ती संध्याकाळभर बघत होते. जेवताना मी अर्धी भाकरी ताटात तशीच ठेवली, आणि सगळ्यांना वाटलं की मला आईची काळजी लागली आहे. तीही होतीच.

सकाळी चहा झाल्यावर दादा वायरी काढायला खाली बसला. मी त्याला म्हटलं, ‘थांब.’ पाटी काढली, अमोल खोडलं, वैशाली लिहिलं, आणि परत लटकवली. घाईत ‘शा’ भलताच मोठा झाला. आप्पा उठून जवळ आले, त्यांनी पाटी वाचली आणि कारखान्यात विचारतात तसं विचारलं, ‘काय उगडलंस?’

मी सगळं तोंडानं सांगितलं. कुठल्या दुपारी, काय दाबलं, किती वेळ लागला. पहिल्या दिवशी न्हाय म्हटलं, दुकानात मान हलवली, तेही सांगितलं. सांगताना मी रडले, पण काही गाळलं नाही. कुणी ओरडलं नाही. आप्पा एवढंच म्हणाले, ‘आमोल, दुकानात फोन लाव.’ आई बशी हातात धरून बसली होती, ती तशीच बसून राहिली, माझ्याकडं न बघता.

दुकानदार फोनवरून एकेक सांगत गेला आणि दादा एकेक दाबत गेला. उपकरणांच्या यादीत रिसीव्हर होता, फक्त नाव वेगळं होतं. अपडेटनं त्याला बसवलेला नवा ड्रायव्हर काढला, पहिला परत घेतला. कॉम्प्युटर बंद होऊन लागला. मग रिसीव्हरवरचं टाचणीच्या डोक्याएवढं बटण दाबून धरायचं आणि त्याच वेळी हँडलावरचं. दादानं इकडं दाबलं, आप्पांनी तिकडं. हिरवा दिवा लुकलुकला, लुकलुकला आणि थांबला. दुसऱ्या हँडलाचाही थांबला. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. आप्पांनी मला पाटीकडं बोट दाखवलं, आणि ती मी माझ्या हातानं काढली.

सकाळची वेळ, आप्पांना कामाला उशीर होत होता, तरी ते सतरंजीवर बसले. आईपण बशी ठेवून येऊन बसली. मी तिच्या शेजारी, जरा मागं, टेकले. पडद्यावर नवव्या घाटाचा माथा, तिचा ट्रक जिथं सोडला होता तिथंच. तिनं हँडल घेतलं, अवघडत बोट बटणावर नेलं आणि दाबलं. ट्रक हलला. ‘चालला!’ आप्पा म्हणाले. ‘चालला गं! मी हाय मागं!’

आई हसली. आठ दिवसांत पहिल्यांदा हसली, आणि हसता हसताच तिचा चेहरा बदलला. हँडल मांडीवर टाकून ती माझ्याकडं वळली. ‘आठ दिस!’ ती म्हणाली. ‘आठ दिस गप बसलीस व्हय गं, सटवे!’ आणि तिनं माझ्या पाठीत असा सणसणीत धपाटा घातला, की मी पुढं सतरंजीवर आले.

पडद्यावर ट्रक दरीत गेला. तिकडं कुणी बघितलं नाही. दादा माझ्या पाठीमागं बघत होता, आप्पा बघत होते. मी वळून बघितलं तर आईचा उजवा हात अजून वरच होता, पाचही बोटं पसरलेली, तळवा लालभडक. ती त्या हाताकडं दुसऱ्या कुणाचा असावा तशी बघत होती.

‘लागलं का गं?’ आईनं विचारलं.

‘लई लागलं,’ मी म्हटलं.

‘मलाबी,’ आई म्हणाली.